'संथ आहे' म्हटल्यानंतर

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे. तुमच्या इमारतीतील सात-आठ जण दर रविवारी सकाळी चहाला एकत्र बसता आणि आठवडाभरात पाहिलेल्या चित्रपटांविषयी गप्पा मारता. मागच्या रविवारी तुम्ही नुकत्याच पाहिलेल्या 'कोर्ट' या मराठी चित्रपटाबद्दल 'चांगला आहे, पण फार संथ आहे' एवढे म्हणालात. त्यावर एका शेजाऱ्यांनी 'त्याला व्हेनिसला बक्षीस मिळाले आहे, तुम्हाला सिनेमा कळत नाही' असे सुनावले आणि गप्पांचा रंगच गेला. तुम्ही विचारले आहे की, आपण काही समीक्षक नाही, मग चहा पिता पिता साधे मत सांगायलाही काही शिकावे लागते का, आणि 'संथ' म्हणण्यात आपले नेमके काय चुकले.

चुकले काहीच नाही. तुम्हाला चित्रपट संथ वाटला ही तुमच्यापुरती खरी गोष्ट आहे आणि ती खोडून काढण्याचा अधिकार शेजाऱ्यांना नाही. फक्त तुमचे मत अर्ध्यावर थांबले. मी एका तालुक्याच्या गावी गेली २२ वर्षे चित्रपट मंडळ चालवतो. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात एक चित्रपट दाखवायचा आणि नंतर खुर्च्या गोल मांडून पाऊण तास बोलायचे, असा आमचा शिरस्ता आहे. १९४७ साली कलकत्त्यात जी फिल्म सोसायटी निघाली आणि १९६८ साली मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' सुरू झाले, त्याच जातीचे हे आमचे गावाकडचे लहानसे रोपटे. इतकी वर्षे लोकांची मते ऐकल्यावर मला असे दिसते की मत चुकीचे असते असे फारसे घडत नाही. ते पोचत नाही, कारण बोलणारा निकाल सांगतो आणि ज्या प्रसंगावरून त्याने निकाल दिला तो प्रसंग स्वतःजवळच ठेवतो. 'संथ', 'भारी', 'रटाळ', 'पैसा वसूल', 'बघणेबल' हे सगळे निकाल आहेत. ऐकणाऱ्याच्या हाती प्रसंग आला तर तो त्यावर होय किंवा नाही म्हणू शकतो, आपलाही एखादा प्रसंग पुढे करू शकतो. नुसत्या निकालावर मात्र मान डोलावता येते किंवा भांडता येते. तुमच्याकडे दुसरे घडले.

आता 'संथ' हाच शब्द घेऊ. 'कोर्ट' ११६ मिनिटांचा आहे, म्हणजे दोन तासही नाही. 'सैराट' जवळपास तीन तासांचा आहे आणि त्याला संथ म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. तेव्हा 'संथ' म्हणताना आपण लांबीविषयी बोलत नसतो. मग कशाविषयी बोलतो? बहुतेक वेळा तीन निरनिराळ्या तक्रारी या एका शब्दात कोंबलेल्या असतात. एक म्हणजे कॅमेरा एकाच जागी उभा राहतो आणि दृश्य तुटत नाही. दुसरी म्हणजे पडद्यावर काहीतरी चालू असते, पण त्यातून नवे काही कळत नाही असे आपल्याला वाटते. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत खरी, अशी की कोणाकडे पाहायचे हे चित्रपट सांगत नाही. एरवी नायक बोलू लागला की कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ जातो, संगीत चढते, आणि आपण कोणत्या बाजूचे ते आपोआप ठरते. ही सवय लागलेल्या डोळ्याला मोकळे सोडले की त्याची चुळबुळ सुरू होते, आणि त्या चुळबुळीला आपण 'संथ' असे नाव देतो.

'कोर्ट'मध्ये हे फार उघडपणे घडते. नारायण कांबळे हे वयस्कर लोकशाहीर. त्यांचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप ठेवून त्यांना मंचावरून उचलून नेतात आणि खटला सुरू होतो. वीरा साथीदार यांनी हे शाहीर उभे केले आहेत, गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील आहेत आणि विवेक गोंबर बचावाचे वकील. न्यायालयातील बरीचशी दृश्ये दुरून, कॅमेरा हलू न देता घेतलेली आहेत. सरकारी वकील कायद्याचा मजकूर वाचू लागतात आणि वाचतच राहतात. आवाजात चढउतार नाही, टेबलावर मूठ आपटणे नाही, तारीख पडते, लोक उठतात, पुढचे प्रकरण पुकारले जाते. तुम्हाला कंटाळा आला असेल तर तो बहुधा इथेच आला असेल.

आमच्याकडे हा चित्रपट दाखवला तेव्हाही निम्मे सभासद इथेच खुर्चीत सरकू लागले होते. चर्चेत पहिले मत तुमचेच आले, शब्दशः: चांगला आहे, पण संथ आहे. त्यानंतर आमचे एक जुने सभासद बोलले. ते तालुका न्यायालयात बेलीफ होते, निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. चित्रपटाविषयी ते सहसा बोलत नाहीत, कारण त्यांना दादा कोंडक्यांपलीकडे फारसे काही आवडत नाही आणि ते तसे मोकळेपणाने सांगतातही. त्या दिवशी ते म्हणाले, "तारीख मिळाल्यावर माणूस बाकावरून कसा उठतो ते बघितलंत का? आधी पिशवी उचलतो, मग वकिलाकडे बघतो, मग साहेबांकडे बघतो, आणि मग उठतो. माझी चाकरी ते बघण्यात गेली." एवढे बोलून ते बसले. पुढची वीस मिनिटे कोणीही 'संथ' हा शब्द काढला नाही. जो तो मागच्या बाकांवर कोण बसले होते ते आठवू लागला. त्यांनी चित्रपटाची बाजू घेतली नव्हती, चांगला-वाईट असेही काही म्हटले नव्हते. आपण काय पाहिले तेवढे त्यांनी सांगितले, आणि बाकीच्यांना आपण काय पाहिले नाही ते कळले.

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की संथपणाचे समर्थन सापडले म्हणजे तो आवडलाच पाहिजे. न्यायालय रेंगाळते म्हणून चित्रपटानेही रेंगाळावे, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला अपुरा वाटतो. त्या न्यायाने कंटाळ्यावरचा प्रत्येक चित्रपट कंटाळवाणा करण्याची मुभा मिळेल. 'कोर्ट'मधला संथपणा मला सोसतो तो दुसऱ्या कारणाने. वकील न्यायालयातून बाहेर पडल्यावर चित्रपट त्यांच्यामागून त्यांच्या घरी जातो. शाहिराला कलमांत अडकवू पाहणारी बाई लोकलने घरी येते, स्वयंपाक करते, घरच्यांना वाढते. बचावाचा वकील गाडीत जॅझ ऐकतो आणि मोठ्या दुकानातून वाइन आणि चीज घेतो. खटल्यात ज्याची बाजू आपल्याला पटते त्याचे घर आपल्यापैकी बहुतेकांना परके, आणि जिची बाजू पटत नाही तिचे स्वयंपाकघर थेट आपले. हे चित्रपट कोठेही बोलून दाखवत नाही. तुम्हाला ते जाणवले होते का? जाणवले असेल तर रविवारी तेच सांगायला हवे होते, आणि नसेल तरी हरकत नाही, तुमच्या शेजाऱ्यांपैकी कोणाला तरी ते जाणवले असेल.

ज्यांनी 'कोर्ट' पाहिलेला नाही त्यांनी हा एक परिच्छेद गाळावा. शेवटाकडे उन्हाळ्याची सुट्टी लागते, न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे बंद होतात आणि पडदा अंधारा राहतो. आमच्या सभागृहात त्या अंधारात दोघे-तिघे चपला शोधू लागले, कारण चित्रपट संपला असे त्यांना वाटले. मग एकदम उजेडात, सहलीला आलेले न्यायाधीश दिसतात, आपल्या माणसांत, सुट्टीच्या कपड्यांत. बाकावर डुलकी घेताना मुले त्यांना दचकवून उठवतात, ते एका मुलाला चापट मारतात आणि पुन्हा झोपी जातात. मला अजूनही वाटते की हा भाग थोडा बोट दाखवून सांगितल्यासारखा आहे आणि अंधारावरच थांबले असते तर बरे झाले असते. आमच्या मंडळातील एका शिक्षिकेचे मत नेमके उलट आहे: अंधारावर संपला असता तर तो फक्त व्यवस्थेवरचा चित्रपट झाला असता, चापटीमुळे तो माणसांवरचा झाला. आम्ही यावर चार वर्षे वाद घालत आहोत आणि दोघांपैकी कोणीही हटलेले नाही. असा वाद टिकतो, कारण दोघांनाही एकच चापट दिसते आहे.

तुम्ही विचारले आहे तसे काही शिकावे लागते का, तर एवढेच: मत सांगण्याआधी एक प्रसंग सांगावा, आणि शक्य तर ज्या प्रसंगात आपले मन फिरले तो. तुमच्याच वाक्याचे काय होऊ शकते ते पाहा. 'चांगला आहे, पण फार संथ आहे' याऐवजी 'सरकारी वकील कायदा वाचत राहते तिथे मी दोनदा घड्याळ पाहिले. पण ती घरी जाऊन स्वयंपाकाला लागते तिथपासून मला तिच्याविषयी काय वाटावे तेच कळेनासे झाले' असे म्हटले असते, तर मत तेच राहिले असते, तक्रारही राहिली असती, आणि 'तुम्हाला कळत नाही' म्हणायला शेजाऱ्यांना जागा उरली नसती. बोलायला लागला असता अर्धा मिनिट. गप्पांतल्या मताला याहून जास्त लांबीची गरज नसते. कथानक पहिल्यापासून सांगत बसणारा माणूस संथ चित्रपटापेक्षा अधिक छळतो.

दुसरी गोष्ट, जी लोक हटकून लपवतात: चित्रपट कोठे आणि कसा पाहिला. हे सांगितल्याशिवाय अलीकडच्या काळातल्या निम्म्या मतांना अर्थ उरत नाही. चित्रपटगृहात अखंड पाहिलेला चित्रपट, घरी तीन रात्रींत तुकड्या-तुकड्यांनी पाहिलेला चित्रपट आणि बसमध्ये मोबाइलवर दीडपट वेगाने पाहिलेला चित्रपट यांची नावे एक असली तरी अनुभव एक नसतो. 'सैराट' हे त्याचे मला माहीत असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी तो प्रदर्शित झाला आणि आमच्या गावातील एकपडदा चित्रपटगृहात अनेक वर्षांनी लोक खुर्च्यांसमोर नाचले. अजय-अतुल यांच्या संगीतासाठी अमेरिकेत, लॉस एंजेलिसला, मोठा वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केले होते, आणि तो भरलेला आवाज त्या जुन्या चित्रपटगृहाच्या कर्ण्यांनाही पेलवत नव्हता. अशा चित्रपटाच्या शेवटच्या क्षणांत आवाज पूर्णपणे काढून घेतलेला आहे. त्या क्षणांत काय दिसते ते इथे लिहीत नाही. पण सहाशे माणसांच्या गर्दीत, आधीचे अडीच तास शिट्ट्या वाजवल्यानंतर, ती शांतता अंगावर येते. पंखे फिरल्याचा आवाज मी त्या चित्रपटगृहात पहिल्यांदा तेव्हा ऐकला. आमच्या एका तरुण सभासदाने हाच चित्रपट नंतर मोबाइलवर पाहिला. त्या जागी आवाज गेला असे वाटून त्याने हेडफोन काढून फुंकून पाहिले, पुन्हा लावले, आणि मग दहा सेकंद मागे जाऊन आवाज येतो का ते तपासले. 'शेवट ठीक वाटला' हे त्याचे मत प्रामाणिक होते. त्याने हेडफोनची हकीकत सांगितली म्हणून ते मत आम्हाला उपयोगी पडले. एरवी आम्ही त्याला अरसिक ठरवून मोकळे झालो असतो.

मी स्वतः एक वही ठेवतो. तीत चित्रपटाच्या नावापुढे तारीख, जागा, बरोबर कोण होते आणि मध्ये किती वेळा उठलो एवढे लिहितो, मग एक प्रसंग, आणि मत असलेच तर शेवटी. काही पानांवर मत नाहीच. हे पाहून आमच्या घरी हसतात, पण दहा वर्षांपूर्वीच्या एका नोंदीत 'दाढ दुखत होती, मध्यंतरानंतर लक्ष नाही' असे सापडल्यामुळे एका चांगल्या चित्रपटावर मी केलेला अन्याय पुढे मला दुरुस्त करता आला.

गप्पांत नेहमी येणाऱ्या आणखी दोन वाक्यांविषयी लिहितो. पहिले 'फोटोग्राफी छान आहे'. हे वाक्य बहुधा चित्रपट आवडला नाही पण तसे बोलवत नाही तेव्हा येते, आणि कोकणात चित्रित झालेल्या प्रत्येक चित्रपटाच्या वाट्याला ते ठरलेले असते. 'किल्ला' पाहिल्यावर मी ते इतक्या वेळा ऐकले की एकदा चर्चेत त्यावर बंदी घातली. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे कोकणातल्या गावात आलेला शाळकरी मुलगा, नवे मित्र, सायकलींची शर्यत, आणि पावसात किल्ल्यावर एकटा मागे राहिल्याचा प्रसंग. दिग्दर्शक अविनाश अरुण यांनीच छायाचित्रण केलेले आहे, त्यामुळे गोष्ट एकाची आणि चित्रे दुसऱ्याची अशी फोड करता येत नाही. पाऊस सुंदर दिसतो हे खरे, पण तो त्या मुलाला घाबरवतो आणि एकटा पाडतो. तो पाऊस पाहून तुम्हाला थंडी वाजली की सहलीला जावेसे वाटले, हे सांगा. बंदीनंतरच्या चर्चेत एक गृहस्थ म्हणाले की त्यांना स्वतःच्या बदल्या आठवल्या आणि मुलाला तिसऱ्यांदा शाळा बदलायला लावली तेव्हा तो काय म्हणाला होता ते आठवले. फोटोग्राफीचा विषय निघाला नाही.

दुसरे वाक्य 'मी तर रडलो' हे. याला मी कमी लेखत नाही, पण रडू कोठे आले ते महत्त्वाचे. 'श्वास' २००४ साली प्रदर्शित झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. मराठीला तो मान 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मिळाला होता. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग आहे, शस्त्रक्रियेत दृष्टी जाणार आहे, आणि त्याआधी आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर नेऊन जग दाखवतात. बहुतेकांना रडू तिथे येते. मला मात्र डॉक्टर मुलाला सांगितल्याशिवाय शस्त्रक्रिया करायची नाही असे म्हणतात तिथे भरून येते, कारण आमच्या घरी माझ्या वडिलांना त्यांचा आजार शेवटपर्यंत कोणी सांगितला नव्हता. हे चित्रपटाचे गुण सांगणारे मत नाही, ते माझ्याविषयी आहे. आणि गप्पांत ते चालते, किंबहुना गप्पांत तेच हवे असते. मात्र ते चित्रपटाच्या नावावर खपवू नये. 'मला रडू आले म्हणून तो श्रेष्ठ' हे वाक्य 'मला झोप आली म्हणून तो टुकार' याचेच जुळे भावंड आहे.

मत मोकळे असले तरी माहिती मोकळी नसते, आणि इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. मंडळाच्या पहिल्या वर्षी आम्ही प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' दाखवला. चित्रपटानंतर उभे राहून मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो की 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग चित्रपटाने किती योग्य जागी बसवला आहे. मागच्या रांगेतील एक वयोवृद्ध कीर्तनकार शांतपणे म्हणाले, "गाथेत दाखवा." तो अभंग शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी लिहिलेला आहे, हे मला त्या दिवशी कळले. तो इतका बेमालूम आहे की चांगल्या चांगल्यांना तो तुकोबांचाच वाटतो, हे पुढे अनेकांनी सांगितले, पण तेवढ्याने माझी लाज गेली नाही. गंमत अशी की माझे मत, म्हणजे तो योग्य जागी बसला आहे हे, चुकीचे नव्हतेच. उलट तो त्या जागेसाठीच लिहिला होता हे कळल्यावर ते अधिक पक्के झाले. पण त्या संध्याकाळी माझे पुढचे कोणी काही ऐकले नाही. तेव्हापासून वर्ष, नाव, कोणी लिहिले, कोणत्या कादंबरीवरून घेतले, यांपैकी काही पक्के ठाऊक नसेल तर मी ते बोलतच नाही. प्रसंग आणि मत तेवढे सांगतो, कारण ते तरी नक्की माझे असते.

शेवट फोडण्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी रविवारच्या बैठकीत तो प्रश्न येणारच. चित्रपट किती जुना झाला की शेवट बोलायला हरकत नाही, याचे गणित लोक मांडतात; ते मला निरर्थक वाटते, कारण ज्याने पाहिला नाही त्याच्यासाठी दहा वर्षांपूर्वीचा चित्रपटही उद्या पहिल्यांदाच लागणार असतो. सरळ विचारावे, 'कोणाचा बघायचा राहिला आहे का?' एकाने जरी हात वर केला तरी शेवटाच्या अलीकडे थांबावे आणि उरलेले जिन्यात बोलावे.

तारे देण्याची सवय असेल तर ती वहीपुरती ठेवा. साडेतीन की चार, यावर चहा निवून जातो.

एक अडचण खास आपली आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी उघड बोलत नाही. मराठी चित्रपटाला बहुपडदा चित्रपटगृहात दुपारचा एखादा खेळ मिळतो, तोही आठवडाभर टिकेल याची खात्री नसते. अशा वेळी 'आवडला नाही' म्हणताना घरच्याच माणसाची चुगली केल्यासारखे वाटते. म्हणून आपल्याकडे मराठी चित्रपटांविषयी 'प्रयत्न चांगला आहे' हे वाक्य रुळले आहे. मला ते वाक्य शिवीपेक्षा वाईट वाटते. ज्याने तीन वर्षे घालवून चित्रपट केला त्याला मध्यंतरानंतर कोठे लक्ष उडाले हे ऐकायला आवडणार नाही, पण ते त्याच्या उपयोगाचे असते. 'प्रयत्न चांगला' ऐकून तो काय करणार? तिकीट काढून पाहावा, आणि मग जे दिसले ते दिसल्याप्रमाणे सांगावे. तिकीट काढले म्हणजे चित्रपटाला जी मदत करायची ती झाली, पुढे मतात सूट देण्याचे कारण उरत नाही.

राहता राहिले तुमचे शेजारी. त्यांनी बक्षिसाचा दाखला दिला, आणि तो खरा आहे: २०१४ साली 'कोर्ट'ला व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले आणि त्याच वर्षासाठीचे सुवर्णकमळही मिळाले. पण बक्षीस हाही निकालच झाला, आणि तोही दुसऱ्यांनी दिलेला. तुमच्या 'संथ'मध्ये निदान तुमचा तरी कंटाळा होता. येत्या रविवारी त्यांच्याशी पुन्हा वाद घालू नका. त्यांना एवढेच विचारा की, गटारात उतरण्यापूर्वी आत हवा आहे की नाही हे तो कामगार कसे ओळखत असे, ते त्याची बायको साक्षीत सांगते तो प्रसंग आठवतो का? तो आत झुरळे दिसतात का ते पाहत असे. झुरळ दिसले तर उतरायचे. ती हे कसलाही आव न आणता, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगते, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. शेजाऱ्यांना आठवत असेल तर तुम्हा दोघांना बोलायला भरपूर आहे. आठवत नसेल तर त्यांनीही तिथे घड्याळच पाहिले असणार.